भिंगरीच्या बदल्यात जिराफ

दिनांक ८ जानेवारी

श्री. लिफ्टवाले व्याही यांस,

नमस्कार विनंती विशेष. ('सप्रेम' हा शब्द माझ्या हातून सुटलेला नाही. तो विचारपूर्वक वगळला आहे.)

मी, खाली सही करणारा, छापखान्यात कानामात्रा या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय खिळे जुळवणे, म्हणजे शिशाची एकेक अक्षरे ओळीत बसवणे, एकेचाळीस वर्षे, सध्या सेवानिवृत्त, आपल्या सुनेचा सख्खा बाप, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, आपल्याशी पत्रव्यवहार करण्याची मला हौस नाही. परंतु प्रसंग आला आहे.

फोन का केला नाही, असे आपण विचाराल. फोनवरचे बोलणे हवेत जाते. मी कोर्टाच्या नोटिसा आणि समन्से जुळवण्यात आयुष्य घालवले आहे. जे कागदावर नाही ते झालेले नाही, हे मला इयत्ता चौथीने नव्हे, त्या नोटिसांनी शिकवले.

प्रसंग असा. माझी मुलगी व आपला मुलगा यांची बदली झाली आहे. नव्या शहरात कंपनीने दिलेल्या घरात स्वयंपाकघर, बैठकीची खोली, निजायची खोली आणि एक जास्तीची खोली आहे. मुलीने आपल्याला आणि मला एकाच मजकुराचे पत्र पाठवले आहे. माझ्या प्रतीतला शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो: "खोली एकच आहे. तुम्ही दोघं एका खोलीत बसत नाही, तर राहणार कुठून? म्हणून एकालाच नेता येईल. कोणाला, ते आम्ही ठरवणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा आणि दहा फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत कळवा."

दहा फेब्रुवारी, सायंकाळी पाच. ही तारीख आपल्या लक्षात आली असेलच. बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत त्याच दिवशी त्याच वेळी संपते. मुलगी माझी आहे. ती उगाच तारखा निवडत नाही.

तरी माझा प्रस्ताव असा की, खोलीत मी जावे. मुलगी माझी, हे पहिले कारण. मी आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, हे दुसरे. तिसरे म्हणजे आपण घोरता, हे आपणच एकदा कबूल केले आहे.

आपल्यातील भांडणाचा उल्लेख टाळता येत नाही म्हणून करतो. सात वर्षे दर शनिवारी आपण माझ्या घरी सामना पाहायला येत होता. मी निळ्यांचा, आपण पिवळ्यांचे. सामना संपला की टीव्ही बंद करून आपण दोघे वादाला बसत होतो: कोणत्या संघाने कोणता खेळाडू देऊन कोणता घ्यावा. सोळा महिन्यांपूर्वी आपण प्रस्ताव मांडला की, निळ्यांनी भिंगरीला द्यावे आणि पिवळ्यांचा जिराफ घ्यावा. भिंगरी! पाच फूट नऊ इंचांचा तो पोरगा चेंडू घेऊन सुटला की समोरचे पाच जण एकमेकांना धडकतात. त्याला देऊन घ्यायचे कोणाला, तर सात फुटांच्या त्या जिराफाला, ज्याला वाकून बुटाची नाडी बांधायला दुसऱ्याची मदत लागते. आणि कारण काय, तर आपल्या शब्दांत, "भिंगरीचे गुडघे गेलेत. पहिल्या अर्ध्यात नाचतो, दुसऱ्या अर्ध्यात बास्केटपर्यंत पोचत नाही."

त्यावर मी एक वाक्य बोललो. ते येथे उद्धृत करण्याचे कारण नाही. आपण उठलात, बूट घातलेत आणि गेलात.

जाताना आपला दूरचा चष्मा खिडकीच्या कठड्यावर राहिला. तो माझ्या ताब्यात सुस्थितीत आहे.

उत्तर लेखी द्यावे.

आपला,
कानामात्रा


दिनांक १६ जानेवारी

श्री. लिफ्टवाले व्याही यांस,

नमस्कार विनंती विशेष.

आपले उत्तर मिळाले. मी आठ दिवसांपूर्वी दोन पाने लिहिली, त्यांना आपण साडेतीन ओळींत निकालात काढले. त्या ओळी अशा: "कानामात्राबुवा, प्रस्ताव वाचला. खोली मलाही हवी. नियम विसरलात काय? खुर्ची बदला, मग बोला. चष्मा पुसून ठेवा."

नियम मी विसरलेलो नाही. नियम माझ्याच हस्ताक्षरात आपल्या वादांच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: ज्याने अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला, त्याने समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसावे आणि समोरच्या संघाच्या बाजूने भांडावे. त्या खुर्चीतून जो प्रस्ताव स्वतःलाच पटत नाही, तो रद्द. सात वर्षांत या नियमाने आपले एकशे बारा आणि माझे एकशे चाळीस प्रस्ताव रद्द झाले. माझे जास्त आहेत, कारण मी जास्त मांडले.

त्या शेवटच्या शनिवारी आपण प्रस्ताव मांडून माझ्या खुर्चीपाशी आला होता, हे खरे. मी उठलो नाही, हेही खरे. सोळा महिन्यांनी ते लिहून देतो.

म्हणून काल विधिपूर्वक खुर्ची बदलली. समोर कोणीतरी हवे, म्हणून शेजारच्या शिवणवाल्या बाईंना बोलावले. त्या पडदे शिवतात, त्यांच्या तोंडात कायम दोन टाचण्या असतात, आणि टाचण्या असूनही त्यांचे बोलणे थांबत नाही. शिवायचे पडदे त्यांनी टोपलीत घालून बरोबरच आणले. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवले आणि सांगितले, "तुम्ही मी. मी लिफ्टवाले."

"म्हणजे मी खडूस, तुम्ही शहाणे," त्या म्हणाल्या. "चालेल. बोला व्याहीबुवा, काय म्हणणं आहे तुमचं?"

मी आपल्या वतीने बोलायला तोंड उघडले, आणि व्याहीबुवा, मला आपली बाजू माहीतच नव्हती. एखाद्या संघाचे दहा खेळाडू मला वजन-उंचीसह पाठ असतात. आपले गेल्या सोळा महिन्यांचे मला काहीच माहीत नव्हते. मग जावईबापूंना फोन करून विचारावे लागले. (माहितीसाठी फोन चालतो. करारासाठी नाही.)

जावईबापू म्हणाले, "नाना चौथ्या मजल्यावर. लिफ्ट सात महिने बंद आहे. नानांनी तिला हात लावायचा म्हटलं की सोसायटीवाले म्हणतात, आजोबा, तुम्ही बसा. मग नाना दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसतात, अर्धा तास. सगळ्यांना सांगतात, पेपर वाचतोय."

ज्या माणसाने अर्ध्या शहराला वर-खाली नेले, तो स्वतःच्या घरी जायला पायरीवर बसून पेपर वाचतो. मी तळमजल्यावर राहतो. माझ्या घराला उंबरठादेखील जेमतेम आहे.

हे मी आपल्या खुर्चीतून, आपल्या वतीने बाईंना सांगितले. त्या माझ्या वतीने म्हणाल्या, "पण मुलगी माझी आहे!"

मी आपल्या वतीने म्हणालो, "अहो, मग मुलगा कोणाचा आहे?"

"मी दोन वर्षांनी मोठा आहे!"

"मोठ्याने मोठेपणा दाखवावा."

"तुम्ही घोरता!"

"तुम्हाला ऐकू कुठे येतं?"

हे शेवटचे मी आपल्या वतीने फार लवकर बोललो. बाई इतक्या हसल्या की एक टाचणी गिळली असे आम्हां दोघांना वाटले. ती पदराला अडकलेली सापडली.

सबब, नियमाप्रमाणे माझी तिन्ही कारणे बाद. निकाल मात्र राखून ठेवत आहे, कारण मला विचार करायला वेळ हवा.

आपला,
कानामात्रा


दिनांक २३ जानेवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहीत आहे. छापखान्यात माझ्या नावावर एकाही फाटलेल्या पानाची नोंद नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

काल शनिवार. निळ्यांचा घरच्या मैदानावर सामना. शिवणवाल्या बाई त्यांची पडद्यांची टोपली परवाच माझ्याच खुर्चीवर ठेवून गेल्या होत्या. दुसऱ्याच्या पडद्यांना हात लावणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून मी आपल्या खुर्चीत बसलो. माझा चष्मा आत राहिला होता. आपला कठड्यावर होता. तो लावला. (आपला नंबर माझ्यापेक्षा बरा आहे, हे मान्य करतो. यापूर्वीही तो मी तीन-चारदा लावला आहे, हेही मान्य करतो.) टीव्ही लावला, आणि नेहमीप्रमाणे आवाज बंद केला. समालोचन करणाऱ्या गृहस्थांची वाक्ये मला सहन होत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. ते कर्ता सोडतात आणि त्याला शोधायला परत जात नाहीत.

पहिला अर्धा उत्तम गेला. निळे उजवीकडच्या बास्केटवर खेळत होते. भिंगरीने चौदा गुण केले. मध्यंतरानंतर नियमाप्रमाणे संघांनी बाजू बदलल्या. निळे डावीकडच्या बास्केटवर खेळू लागले. भिंगरी चेंडू घेऊन सुटला, दोघांच्या मधून निघाला, आणि कपाटात गेला.

मी पुन्हा पाहिले. पुन्हा कपाटात गेला.

व्याहीबुवा, आपल्या खुर्चीतून टीव्हीचा डावा तिसरा भाग दिसत नाही. तिथे कपाटाची कड येते. डावीकडची बास्केट त्या कडेच्या मागे आहे. खेळाडू तिकडे पळत जातात, लोक उड्या मारतात, खाली गुण वाढतात. पण चेंडू कोणी टाकला, कोणाच्या हातून गेला, हे दिसायला मार्ग नाही. आवाज बंद, त्यामुळे ऐकायलाही मार्ग नाही. मी मान लांब केली. खिडकीचा कठडा कानाला लागला. मग उठलो, कपाटाच्या पलीकडे गेलो आणि उभ्याने पाहिले. भिंगरीने दुसऱ्या अर्ध्यात सोळा गुण केले.

सात वर्षे, दर शनिवारी, आपण अर्धा सामना पाहत होता.

मी त्या खुर्चीत शेकडो वेळा बसलो आहे, प्रस्ताव मांडल्यावर, नियमाप्रमाणे. पण वादाच्या वेळी टीव्ही बंद, हाही नियम माझाच. त्यामुळे आपल्या संघाची बाजू मला त्या खुर्चीतून दर वेळी दिसली, आणि आपल्याला सामना दिसत नाही हे एकदाही दिसले नाही. "दुसऱ्या अर्ध्यात बास्केटपर्यंत पोचत नाही," असे आपण म्हणालात, तेव्हा मला वाटले आपण भिंगरीची निंदा करत आहात. आणि भिंगरीच्या नावाखाली माझी. गुडघे माझेही त्याच महिन्यात डॉक्टरांना दाखवले होते.

कपाट कोणी तिथे ठेवले, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या विहीणबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोने, जाण्याच्या अडीच महिने आधी. हमालांना उभे करून तीन वेळा सरकवून घेतले. चौथा हात कमी पडला तेव्हा एक बाजू आपण धरली होती. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, आपण दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "आमचा टीव्ही बिघडलाय. सामना बघायला आलो."

आपण यंत्रे दुरुस्त करणारा माणूस. सात वर्षे आपला टीव्ही बिघडलेलाच होता. मी कधी विचारले नाही.

आता ते वाक्य. पहिल्या पत्रात मी ते उद्धृत केले नाही, कारण कागदावर आले की ते झालेले ठरते. ते झालेले आहे. मी म्हणालो होतो: "आजवर तुमच्या घराशी मी एकच अदलाबदल केली, मुलगी दिली. तीही तोट्याचीच झाली."

मागे स्वयंपाकघराच्या दारात मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती आणि तिच्या मागे जावईबापू. तेव्हापासून ती माझ्याकडे दर मंगळवारी येते. औषधे देते, दुधाचे पाहते, पंखा पुसते. पण बसत नाही. मी खुर्ची पुढे करतो, ती म्हणते, "घाईत आहे, बाबा." सोळा महिने ती माझ्या घरात उभी आहे.

वाक्य खोटे होते. जावईबापूंसारखा माणूस मी स्वतः जुळवायला बसलो असतो तरी जुळला नसता. मी रागात होतो, आणि राग भिंगरीबद्दल होता, असे मी स्वतःला सांगत आलो.

सबब, खोलीत आपण जावे. मी कोणताही मोबदला मागत नाही. हा माझा प्रस्ताव, आपल्या खुर्चीतून लिहिलेला.

आपला,
कानामात्रा


दिनांक १ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र दोन पानांचे आले. आपल्याला एवढे लिहिता येते, हे मला ठाऊक नव्हते. त्यातला काही भाग मी शिवणवाल्या बाईंना वाचून दाखवला. काही भाग दाखवला नाही.

आपण लिहिता: "कानामात्राबुवा, एकतर्फी देणं नियमात बसत नाही. एका संघानं दिलं आणि दुसऱ्यानं नुसतं घेतलं, असा प्रस्ताव तुम्ही वहीत चढवूसुद्धा दिला नसतात. मला खोली नको. तुम्ही जा. मी जिने चढतो, त्यानं माझी तब्येत राहते."

तब्येत राहते! दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर पेपर वाचल्याने कोणाची तब्येत राहत असेल, तर मला आपल्या डॉक्टरांचा पत्ता द्यावा.

पुढे आपण लिहिता: "कपाटाचं मी मुद्दामच बोललो नाही. विहीणबाईंनी ते उभं राहून लावून घेतलेलं. त्यांच्या हातची शेवटची गोष्ट. मी पाहुणा माणूस, सरकवा कसं म्हणणार? आणि खरं सांगू का, मला उजवीकडची बास्केट पुरायची. डावीकडची तुमच्या तोंडावर दिसायची. तुम्ही हसलात की निळ्यांचे दोन गुण. ओठ मुडपलात की पिवळ्यांचे. फक्त भिंगरीचं काही कळायचं नाही, कारण त्यानं केलं तरी तुम्ही हसायचात आणि नुसता पळाला तरी हसायचात. गुडघ्यांचा माझा अंदाज होता. अंदाज छातीठोकपणे सांगायला नको होता."

हा परिच्छेद वाचून मी चष्मा पुसला. माझा.

शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "कमाल आहे तुमची दोघांची! गेल्या महिन्यात दोघांनाही खोली हवी होती म्हणून अडलं होतं. आता दोघांनाही नको म्हणून अडलंय. त्या पोरीनं करायचं काय?"

मी म्हणालो, "चर्चा चालू आहे."

"चर्चा! दहा तारखेचे पाच वाजून जातील, सामान गाडीत चढेल आणि तुम्ही दोघं 'आधी आपण, आधी आपण' करत फुटपाथवर उभे राहाल. त्यापेक्षा ते कपाट सरकवा."

एवढे बोलून त्यांनी पदर खोचला.

सांगायचे असे की, कपाट सरकवले आहे. आतली भांडी आधी काढली. मग बाई एका बाजूला, मी एका बाजूला. मी म्हटले, "हळू." त्या म्हणाल्या, "मी हळूच ढकलतेय, तुम्ही ढकलतच नाही आहात." मी खरोखरच ढकलत नव्हतो. हात नुसता ठेवला होता. मग ढकलले. ते सहज सरकले. आठ वर्षे मला वाटत होते की ते फार जड आहे.

मागे भिंतीचा जुना रंग निघाला. तो रंग कोणता होता, यावर आपला आणि माझा एकदा वाद झाला होता. आपण निळा म्हणालात, मी पांढरा. वहीत नोंद आहे. दोघेही हरलो. भिंत पिवळी आहे, भडक पिवळी. निळ्यांच्या माणसाच्या घरात माझी बायको पिवळी भिंत कपाटाआड दडवून गेली. मी एकटाच बराच वेळ हसलो. बाईंना वाटले कंबर लचकली.

शनिवारी सामना आहे. टीव्ही दोन्ही खुर्च्यांतून पूर्ण दिसतो. मी दोन्हींत बसून खात्री केली आहे. घराला जिना नाही.

आपला टीव्ही अजून बिघडलेला असल्यास यावे.

आपला,
कानामात्रा


दिनांक १० फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र लिहिले जात असताना आपण समोरच्याच खुर्चीत बसला आहात आणि "आता कशाला लिहिताय, मी इथंच आहे ना!" असे दोनदा म्हणाला आहात. पत्रांनी सुरू झालेले पत्रानेच मिटले पाहिजे. आपण आपला चहा प्यावा. चष्मा आपल्या नाकावर आहे, म्हणजे तो परत केल्याची पावती मला मिळाली असे समजतो.

गेल्या शनिवारी जे घडले त्याची नोंद थोडक्यात. आपण आलात. दारात म्हणालात, "टीव्ही बिघडलाय." मी म्हणालो, "या." आपण आपल्या खुर्चीत बसलात, समोर पाहिलेत, आणि टीव्ही लावलेलाही नव्हता तरी मिनिटभर पाहतच राहिलात. मग म्हणालात, "अहो, हा टीव्ही एवढा मोठा आहे होय?"

दुसऱ्या अर्ध्यात भिंगरीने आपल्यासमोर पहिल्यांदा डावीकडे चेंडू टाकला. आपण खुर्चीतून उठून ओरडलात. पिवळ्यांचा माणूस, निळ्यांच्या गुणावर. मी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले.

आता आजचे. साडेचारला मुलगी आणि जावईबापू आले. मुलगी न बसता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि घड्याळ पाहत म्हणाली, "अर्धा तास आहे. कोण येतंय?"

आपण म्हणालात, "हे."

मी म्हणालो, "हे."

"अरे देवा," जावईबापू म्हणाले.

मी उठलो. वही उघडली. मी म्हणालो, "प्रस्ताव. आमच्या बाजूने दोन म्हातारे. तुमच्या बाजूने एक खोली. दोन द्यायचे, एक घ्यायची. दोन्ही म्हातारे एकाच खोलीत, दोन खाटा, दोन खुर्च्या, टीव्ही मधोमध, कपाट नाही."

"आणि घोरणं?" आपण विचारलेत.

"मला ऐकू कुठे येतं?" मी म्हणालो. हे आता माझ्याच वतीने.

मुलीने आपल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघं? एका खोलीत? बाबा, सोळा महिने यांचं नाव निघालं की तुम्ही उठून पाणी प्यायला जात होतात."

"प्रस्ताव मांडला आहे," मी म्हणालो. "नियमाप्रमाणे आता मी तुझ्या जागी उभा राहतो."

आणि मी दारात, ती उभी होती तिथे, जाऊन उभा राहिलो. त्याच ठिकाणी सोळा महिन्यांपूर्वी तिच्या हातात चहाचे कप होते. तिथून माझी खुर्ची पाठीमागून दिसते. त्या खुर्चीत बसलेला माणूस काय बोलतो ते ऐकू येते, त्याचे तोंड दिसत नाही. तो हे रागाने बोलतो आहे की मनापासून, हे कळायला मार्ग नाही.

मी तिथे उभा राहून म्हणालो, "इथून ते वाक्य फार वाईट ऐकू येते. ते खोटे होते. मी ते मागे घेतो, लेखी. जावईबापू, तुमच्यासमोर आणि तुमच्या वडिलांसमोर. ती अदलाबदल माझ्या आयुष्यातली सगळ्यात फायद्याची. मुलगी दिली असे मी म्हणत होतो. ती तर दर मंगळवारी येतच होती. वर मुलगा मिळाला, आणि शनिवारसाठी एक माणूस."

जावईबापूंनी खिशातून रुमाल काढला आणि शिंकल्याचे नाटक केले. वाईट केले.

मुलगी म्हणाली, "एवढं बोलायला सोळा महिने लागले? एक ओळ जुळवायला तुम्हाला दोन मिनिटं लागायची म्हणे."

"तेव्हा अक्षरे हाताशी होती," मी म्हणालो.

"नाना," ती आपल्याला म्हणाली, "तुम्हाला मंजूर आहे का हे? नीट विचार करा. हे शब्द दुरुस्त करतात. झोपेतसुद्धा."

आपण म्हणालात, "मंजूर. पण एका अटीवर. टीव्हीचा आवाज चालू."

मी बराच वेळ घेतला. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी अट मान्य केली.

पाच वाजता जावईबापूंच्या फोनवर बातमी आली. लीगची मुदत संपण्याच्या सहा मिनिटे आधी निळ्यांनी आणि पिवळ्यांनी अदलाबदल केली आहे. भिंगरी पिवळ्यांकडे. जिराफ निळ्यांकडे. आपला सोळा महिन्यांपूर्वीचा प्रस्ताव, वहीतील पान एकशे नव्वद, जसाच्या तसा.

मग आपण छाती पुढे काढून म्हणालात, "बघा! काय पोरगा मिळवला आमच्या पिवळ्यांनी! दोन्ही अर्ध्यांत खेळतो, मी स्वतः पाहिलंय. गुडघे तर लोखंडाचे!"

आणि मी, खाली सही करणारा, सत्य स्मरून लिहून देतो की, त्याच क्षणी माझ्या तोंडून निघाले, "गुडघ्यांचं मात्र बघा हं. आणि उंची शेवटी उंचीच असते. जिराफासारखा सेंटर मिळायला नशीब लागतं."

दोघेही थांबलो. एकमेकांकडे पाहिले. खुर्च्या कोणी बदलल्या नव्हत्या.

पहिले आपण हसलात की मी, याबद्दल वाद आहे. तो नव्या घरी मिटवू. आता आपण म्हणत आहात की चहा गार झाला, आणि आमचा आवाज ऐकून आलेल्या शिवणवाल्या बाई म्हणत आहेत की या दोघांना एका खोलीत ठेवणार असाल तर पडदा मधोमध लागेल, तो त्या शिवून देतील, पण जाड कापडाचा.

येणेप्रमाणे करार झाला. तो मी वाचून पाहिला. चूक नाही.

आपला,
कानामात्रा

समक्ष हजर असलेले साक्षीदार:

लिफ्टवाले व्याही, वय वर्षे शहात्तर, चष्म्यासह.

जावईबापू, रुमालासह.

शिवणवाल्या बाई, शेजारी, तोंडात दोन टाचण्या.

माझी मुलगी. माझ्या खुर्चीत. बसलेली.